उशाजवळचं साइड टेबल पुन्हा पुन्हा ढिलं होतंय? स्क्रू आवळायच्या आधी हे वाचा

"दादा, ते पुन्हा हलायला लागलं."

नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या ताईंचा दीड वर्षातला हा तिसरा फोन. 'ते' म्हणजे त्यांच्या सासूबाईंच्या उशाशी भिंतीवर लावलेलं छोटं साइड टेबल. १२ इंच रुंद, १२ इंच खोल, ६ इंच उंच, त्यात एक खण. पाय नाहीत, म्हणून खालून फरशी पुसता येते. ते बनवलं मीच, लावलं मीच, आणि पहिल्या दोन वेळा माणूस पाठवून 'दुरुस्त' केलं तेही मीच. त्यामुळे पुढे जे दोष सांगतोय ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाहीये.

अंबडला माझं लहानसं वर्कशॉप आहे. हल्ली बहुतेक कामं वन बीएचकेची, बेडरूम दहा बाय नऊ. त्यात पाच फुटी पलंग आणि दोन फूट खोल कपाट बसलं की उशाजवळ जेमतेम वीतभर जागा उरते, आणि सगळ्यांना तिथे हे लटकतं टेबलच हवं असतं. दिसायला सुरेखच दिसतं. पण परत येणाऱ्या तक्रारींत पहिला नंबरही त्याचाच.

तिसऱ्या वेळी मी स्वतः गेलो. टेबलाची पुढची कड खाली झुकली होती आणि मागे, वरच्या बाजूला, भिंत आणि प्लायच्या मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. वरच्या स्क्रूच्या डोक्याला नख लावून ओढलं, तर स्क्रू गिट्टीसकट (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी) हातात आला. पेचकस लागलाच नाही. गिट्टीभोवती पांढरी भुकटी आणि त्या भुकटीत माझ्याच माणसाने मागच्या खेपेला ठोकलेल्या आगपेटीच्या दोन काड्या.

तो स्क्रू तिथेच पलंगावर बसून मोजला. ३५ मिमी. टेबलाची पाठ १८ मिमी प्लायची, तिच्यावर १ मिमी लॅमिनेट. भिंतीचा गिलावा आणि पुट्टी मिळून १२ ते १५ मिमी. बेरीज केली की ३१ ते ३४. म्हणजे खऱ्या भिंतीत स्क्रू शिरला होता जास्तीत जास्त ४ मिमी, सुतारी भाषेत एका सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, थोडं वर. गिट्टी खोल होती हो, पण गिट्टी फुगते ती स्क्रू पोचतो तेवढ्यातच. दीड वर्ष आजींचा औषधांचा डबा, पाण्याचा तांब्या आणि चष्मा गिलाव्यावर टांगलेला होता.

तेव्हा पहिली तपासणी ही. ढिला झालेला स्क्रू पूर्ण बाहेर काढा आणि पट्टीने मोजा. पाठीची जाडी अधिक गिलाव्याची जाडी वजा केल्यावर किमान ४० मिमी शिल्लक राहत नसतील, तर तो आवळून काही उपयोग नाही. १८ मिमीच्या पाठीला ७५ मिमीचा स्क्रू धरा. ३५ चा स्क्रू फोटोफ्रेमचा.

भुकटीचा रंग बघा

भिंत कसली आहे हे बाहेरून कळत नाही, रंग सगळ्यांना सारखाच. ड्रिल मारताना खाली वर्तमानपत्र धरा आणि काय पडतंय ते बघा. पहिली अर्धा इंच भुकटी सोडून द्या, ती गिलाव्याची. ती मऊ, खडूसारखी पांढरीशुभ्र असेल तर जिप्समचा गिलावा आहे. त्यात वाळू नसते, म्हणून कड पटकन ढासळते. त्यानंतरची भुकटी खरी. लाल पडली तर मातीची वीट, नशीबवान आहात. करडी, खरखरीत आणि बिट कण्हत कण्हत आत जात असेल तर काँक्रीट. करडी पण बिट बऱ्यापैकी चालत असेल तर बहुधा फ्लाय ॲशची वीट. आणि पिठासारखी, पांढरट करडी, बिट साबणात घुसावं तसं घुसत असेल तर एएसी ब्लॉक. साइटवर ज्याला सगळे सरसकट सिपोरेक्स म्हणतात तो.

ताईंची भिंत ही शेवटची. या ब्लॉकच्या पोटात बारीक बारीक हवेचे बुडबुडे असतात. एक घनमीटर ब्लॉक साधारण ५५० ते ६५० किलो भरतो, मातीच्या विटांचं तेवढंच काम १,६०० च्या पुढे जातं. कोरडा तुकडा बादलीत टाका, तरंगतो. बिल्डिंगवरचा भार कमी होतो, उन्हाळ्यात खोली कमी तापते, ब्लॉक वाईट नाही. पण विटेच्या भिंतीत चालणारी छोटी प्लास्टिकची गिट्टी इथे चालत नाही. ती फुगताना आजूबाजूचे बुडबुडे चिरडते आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं भोक मोठं करते.

आमच्या धंद्यातली नेहमीची चूक म्हणजे हॅमर चालू ठेवून ड्रिल मारणं. सवयच असते. एएसीत हॅमर बंदच ठेवायचा, नुसतं फिरवायचं, आणि बिट गिट्टीच्या मापापेक्षा एक मिमी बारीक घ्यायचं. भोक झालं की आतली भुकटी ब्रशने किंवा हवेच्या पंपाने काढायची. तोंडाने फुंकू नका, सगळी डोळ्यांत येते. गिट्टी नायलॉनची, ८० ते १०० मिमी लांबीची. हार्डवेअरवाल्याला 'ब्लॉकच्या भिंतीसाठी लांब गिट्टी' म्हणून सांगा. त्याने नेहमीचीच काढून दिली तर दुसऱ्या दुकानात जा. वजन जास्त असेल तर भोकात रेझिन भरून थ्रेडचा रॉड बसवायचा. खर्च वाढतो, पण तो रॉड मग हलत नाही.

जुनं भोक पुन्हा वापरायचं नाही. काड्या, प्लायच्या ढलप्या, फेविकॉलमध्ये बुडवलेला सुतळीचा बोळा, हे सगळं मी केलेलं आहे. चार-सहा महिने टिकतं. नवं भोक जुन्यापासून दोन-अडीच इंच लांब घ्या.

ड्रिल मारायच्या आधी एक सांगतो. उशाजवळ हमखास स्विचबोर्ड असतो, आणि त्याचे पाइप बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली, कधी आडवे, भिंतीतून जातात. बोर्डाच्या रेषेत भोक पाडू नका, आणि ड्रिल स्वयंपाकघरातल्या पॉइंटवर लावून बेडरूमचा एमसीबी खाली पाडा. ही काळजी न घेता मी एकदा अख्ख्या मजल्याची वीज घालवली आहे.

आजी उठतात कशा

लांब गिट्टी, लांब स्क्रू, झालं काम, असं समजून मी तिसऱ्या वेळीही निघालो असतो. आजी पलंगावर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अरे बाबा, आमच्या वाड्यात उशाशी कोनाडा होता. कंदील, डबी, माळ, सगळं त्यात. तो कसला पडतोय?" त्यांचं माहेर जुन्या नाशकातलं, हातभर जाडीच्या भिंतींचा वाडा. एवढं बोलून त्या चहा टाकायला म्हणून उठल्या आणि उठताना डाव्या हाताचा पंजा त्या टेबलाच्या जागी, हवेत, टेकवायला गेल्या. टेबल तर मी काढून खाली ठेवलेलं. तोल गेला, ताईंनी धरलं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही त्या टेबलावर तांब्याचं आणि डब्याचं वजन धरत होतो. पण आजी रोज पहाटे चार वाजता अंधारात त्यावर भार देऊन उठत होत्या.

ताईंकडे वजनकाटा होता. पलंगाशेजारी स्टूल ठेवलं, त्यावर काटा, आणि आजींना म्हटलं, नेहमी उठता तशा उठा. काटा २४ किलोवर गेला.

आता हिशेब बघा, सोपा आहे. हात टेकतो तो भिंतीपासून साधारण १० इंचांवर. टेबल पुढे कलताना खालच्या कडेवर फिरतं आणि वरचे स्क्रू त्या कडेपासून ५ इंचांवर आहेत. २४ गुणिले १० म्हणजे २४०, भागिले ५, आले ४८ किलो. ही ओढ दोन स्क्रूंवर, प्रत्येकी २४ किलो, सरळ भिंतीतून बाहेर उपटणारी. रोज, दिवसातून पाच-सहा वेळा. पहारीने दगड उचकटतात तसंच चाललं होतं, फक्त पहार प्लायची होती.

याला लांब गिट्टीने फरक पडतो, पण मूळ दुखणं बेतण्यात आहे. टेबल जितकं खोल आणि पाठ जितकी बुटकी, तितकी ओढ जास्त. म्हणून खोली कमी करायची आणि पाठ उंच करायची. नुसती पाठ ६ ऐवजी १५ इंच केली आणि स्क्रू वरच्या टोकाजवळ घेतले तरी ओढ ४८ किलोंवरून जवळजवळ एक तृतीयांशावर येते: २४० भागिले १४, म्हणजे १७ किलोच्या आसपास.

आजींसाठी त्याहून पुढे गेलो. टेबल लटकवलंच नाही. ११ इंच रुंद, २६ इंच उंच पाठीची फळी फरशीवर उभी केली, भिंतीला टेकवून. तिच्यावर २० इंच उंचीला ८ इंच खोलीचा कप्पा, त्याखाली तिरका आधार. सगळं वजन पाठीच्या फळीतून फरशीत उतरतं. भिंतीतले दोन स्क्रू फरशीपासून २४ इंचांवर, ते फक्त फळी पुढे येऊ नये म्हणून. हात आता ७ इंचांवर टेकतो. २४ गुणिले ७, भागिले २४. सात किलो. दोन्ही स्क्रूंत मिळून.

फरशी पुसायचा प्रश्न? खाली पाय नाहीतच, भिंतीलगत पाऊण इंचाची फळी तेवढी. मात्र प्लायची खालची कड पोछ्याच्या पाण्याने फुगते, म्हणून तिला तीन इंच ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळली. स्कर्टिंग भिंतीच्या पुढे येत असेल तर तेवढी खाच फळीला मागून पाडावी लागते. ती न पाडता फळी उभी केली तर वर फट राहते आणि स्क्रू आवळताना फळी वाकते. गुण्या आणि ओळंबा लावून बघा, नुसत्या डोळ्यावर जाऊ नका. बिल्डिंगमधली भिंत ओळंब्यात असतेच असं नाही.

कोनाड्याची हौस मात्र पुरवता आली नाही. चार किंवा सहा इंची भिंतीत कोनाडा खोदला तर शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये निघेल. नव्या टॉवरमध्ये मायवनची, म्हणजे अख्खी काँक्रीटची, भिंत असेल तर तिला छिन्नी लावायचा विचारही करू नका, ती भिंत वरचे मजले पेलते. कप्प्याला तीन बाजूंनी इंचभर कड दिली, वर आडवी फळी घातली, आणि आजींना म्हटलं, हाच कोनाडा. त्यांना पटलं नाही.

खण हवा की नको

अरुंद टेबलात खण मागणाऱ्यांना मी आता कागदावर बेरीज करून दाखवतो. बाहेरून ९ इंच रुंदीचं टेबल. दोन बाजूंच्या फळ्या पाऊण-पाऊण इंच, गेले दीड. टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे खण सरकतो त्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा, गेला एक. खणाच्या स्वतःच्या भिंती १२ मिमीच्या, म्हणजे आणखी जवळजवळ एक. हातात उरले साडेपाच इंच. मोबाइल आडवा मावत नाही. वर खण ओढला की सगळा भार आणखी पुढे जातो, म्हणजे वरचा हिशेब पुन्हा बिघडतो. १४ इंचांपेक्षा अरुंद असेल तर उघडा कप्पा ठेवा. किमती वस्तू कपाटात ठेवा.

खण आधीच असेल आणि तो अडकत असेल, तर नव्वद टक्के वेळा चॅनेल खराब नसतो. टेबल पुढे झुकलेलं असतं, म्हणून खण आपोआप उघडतो किंवा मागे जात नाही. आधी भिंतीचं बघा. पावसाळ्यात अडकतो आणि मार्चात सुटतो, असं होत असेल तर प्लाय ओल पितोय. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या कामात हे मी दरवर्षी बघतो. लॅमिनेट फक्त दर्शनी बाजूला लावून मागची बाजू कोरी ठेवलेली असते, मग फळी केळीच्या सालीसारखी वळते. मागेही लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, लावा, कडा बंद करा, आणि फळी आणि भिंत यांच्यात दोन-तीन सूत हवा खेळू द्या. प्लाय घेताना आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा, आयएस ७१० म्हणजे मरीन. बाहेरच्या भिंतीला मी ७१० च वापरतो, आतल्या भिंतीला त्याची गरज नाही.

'टेबल खाली गेलं' ही तक्रार

एका घरी टेबल जागचं हललं नव्हतं, तरी तक्रार होती की ते खाली सरकलं. गादी बदलली होती. कापसाची चार इंची जाऊन दहा इंची स्प्रिंगची आली. टेबलाचा माथा दाबलेल्या गादीच्या पातळीला किंवा दोन इंच वर असावा. त्याखाली गेला की माणूस हात लांबवून, वाकून, त्यावर जास्त भार टाकतो. म्हणून मी आता आधी विचारतो, गादी हीच राहणार का? नसेल तर नवी येईपर्यंत टेबल लावत नाही.

कपाटाच्या दाराचंही तसंच. १८ इंची दार उघडताना ते फरशीवर किती जागा झाडून घेतं, ते खडूने कमान काढून बघा. ९ इंचांचं टेबल नकाशात बसतं आणि दार त्याला रोज ठोकतं. महिनाभर ठोकलं की स्क्रू ढिले. इथे स्क्रूचा काय दोष? दाराची बिजागरी दुसऱ्या बाजूला घ्या, नाहीतर दार सरकतं करा. हायड्रॉलिक पलंग असेल तर फळी पूर्ण वर उचलून बघा. टेबलाची कड पलंगाच्या वर अर्धा इंच जरी आली असेल तरी गादीसकट फळी तिला खालून ढुसणी मारते.

आजींचं टेबल लावून आता दोन पावसाळे झाले. पंधरा दिवसांनी एकदा जाऊन स्क्रू पाव फेरा आवळला, नव्या गिट्टीला तेवढं लागतंच. मधे एकदा ताईंचा फोन आला, "दादा, पुन्हा हलतंय." पोटात गोळा आला. गेलो तर टेबल गच्च. हलत होता तो पलंग. नातवंडं सुट्टीत त्यावर उड्या मारत होती, दर उडीला पलंग टेबलावर आदळत होता. पायांखाली रबराचे तुकडे घातले, पलंग अर्धा इंच अलीकडे ओढला, आणि त्या खेपेचे पैसे घेतले नाहीत.